कढईतला पहिला घास

बायकोने, ओर्फेलिनाने, कोंबडीचं पाणी तिसऱ्यांदा फडक्यातून गाळलं, तेव्हा मात्र रोसामेल चिग्वायला राहवेना.

“अगं, कोंबडी या भांड्यावरून नुसती उडून गेली असती, तरी याहून जास्त चव उतरली असती.”

“गप पी. निवियानं काय सांगितलंय? आरपार दिसलं पाहिजे. मांस नाही, बी नाही, साल नाही.”

“आणि मी? मी आरपार दिसायला लागलो की थांबशील?”

ती हसली नाही. तिने वाटी त्याच्यापुढे सरकवली आणि चुलीत लाकूड सारलं. बाहेर पाऊस होता. आमच्या वेल्मेन बेटावर हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, पाऊस आहे असं कुणी कुणाला सांगत नाही. नसला तर सांगतात. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. त्या वाफेतून रोसामेलला आपलं बटाट्याचं रान अर्धवट दिसत होतं, झोपेत दिसावं तसं. काळी माती, तिच्यावर पडलेलं धुकं, आणि कुंपणापाशी पावसाकडे पाठ करून उभे असलेले त्याचे दोन बैल. तीन दिवसांच्या उपासाने डोकं इतकं हलकं झालं होतं की आपणही तिथंच कुठंतरी बैलांच्या शेजारी उभे आहोत, असं त्याला वाटून गेलं.

दोन वर्षांपूर्वी पुएर्तो मॉन्तच्या इस्पितळात त्याच्या आतड्याचा वीतभर तुकडा कापून काढला होता. गाठ कॅन्सरची होती. काही महिने पोटाला मळाची पिशवी लावलेली होती, मग आतडं पुन्हा जोडलं आणि पिशवी गेली. तेव्हापासून बेटावरच्या दवाखान्यातली नर्स निविया अधूनमधून त्याचं रक्त काढून बोटीने पाठवायची आणि उत्तर यायचं, ठीक आहे. या खेपेला उत्तर आलं, रक्तातला कॅन्सरचा आकडा चढलाय. आतून कॅमेरा घालून बघू, पोटाचे फोटोही काढू, गुरुवारच्या बोटीनं या.

हे तिघांनाच ठाऊक होतं. बाकी बेटाला रोसामेलने सांगितलं होतं की दात काढायला चाललोय.

त्याला कारण होतं. आजारपणाच्या त्या वर्षी अख्ख्या बेटाने येऊन त्याचे बटाटे लावले होते. हा खिडकीत खुर्ची टाकून बसलेला, मांडीवर घोंगडी, पोटाला पिशवी, आणि बाहेर दुसऱ्यांचा घाम आपल्या मातीत पडतोय. त्यांना जेवायला बोलावलं, तर ऐन जेवणात पिशवी सुटली. कुणी काही बोललं नाही. कुणीतरी उठून खिडकी उघडली, कुणीतरी हवेबद्दल बोलायला लागलं. बोलले असते, हसले असते, तर बरं झालं असतं. त्यानंतर वर्षभर तो जिथं जाईल तिथं त्याला चुलीजवळची खुर्ची मिळायची. ती खुर्ची आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांची. बरा झाल्यावर त्याने हातात पुन्हा सुरी घेतली तेव्हा कुठं ती खुर्ची सुटली. आता पुन्हा तिच्यात बसायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

सुरी म्हणजे डुकराची. रोसामेलचा हात सगळ्या बेटाला हवा असायचा. त्याच्या हातून डुक्कर एकदाच ओरडतं, दुसऱ्यांदा नाही. आणि निघायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, बेलार्मिनोकडचं डुक्कर कापायचं होतं.

“जाऊ नकोस,” ओर्फेलिना म्हणाली.

“कोम्पाद्रेचं डुक्कर आहे. माझ्याच पोरीचा धर्मबाप तो. काय सांगू त्याला? दात दुखतोय म्हणून हात चालत नाही?”

“मग काम कर आणि ये. तोंडात काही घालू नकोस.”

“शपथ,” तो म्हणाला, आणि ती त्याने मनापासून घेतली होती.

बेलार्मिनोच्या धुराच्या झोपडीत सकाळपासून आग पेटलेली होती. रोसामेलने आपलं काम नीट केलं. बेलार्मिनो आणि त्याचे भाऊ डुक्कर धरून होते, त्याची बायको लुदोविना रक्ताखाली परात धरून बसली होती. मग केस खरवडणं, उकळतं पाणी, आतडी धुवायला ओढ्यावर गेलेल्या बायकांचं हसणं. धूर छपराच्या फटींतून हळूहळू बाहेर जात होता आणि पावसात मिसळत होता. दुपारपर्यंत कढईत चरबी कढायला लागली. तिच्यात मांसाचे तुकडे पडले, आणि वास सुटला. हा वास रोसामेलला आईचा पदर धरून चालायच्या वयापासून माहीत होता. तो ओंडक्यावर बसला, डोळे मिटले, आणि क्षणभर त्याला वयच उरलं नाही.

“कोम्पाद्रे, झोपलास काय?” बेलार्मिनोने हाक मारली. “तुझा घास तयार आहे.”

सुरी ज्याने चालवली त्याने कढईतला पहिला तुकडा खायचा. त्याने तोंड फिरवलं तर त्या घरचं मांस धरत नाही, खारवलं तरी हिरवं पडतं, असं आमच्याकडे मानतात. त्याच्या आधी पोरंसुद्धा कढईला हात लावत नाहीत. लुदोविना काट्याला तुकडा टोचून उभी होती. तुकड्यावरून चरबी ठिबकत होती.

“दात,” रोसामेल पुटपुटला.

“हा बिनदाताचाही खाल्ला जातो,” लुदोविना म्हणाली. “मऊ लोणी झालंय. घे कोम्पाद्रे, पोरं खोळंबलीत.”

“की आमचं डुक्कर आवडलं नाही?” बेलार्मिनो हसत म्हणाला, पण डोळ्यांनी हसत नव्हता.

आता यावर बोलायला दुसरं काय होतं? उद्या माझ्या पोटात कॅमेरा घालणार आहेत, असं म्हणायचं, म्हणजे आजार परत आल्याची दवंडीच पिटायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोसामेलने तोंड उघडलं. तुकडा जिभेवर विरघळला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, गरम लागला.

एवढ्यावर थांबला असता तर कदाचित निभावलंही असतं. पण उपाशी माणसाला एक घास म्हणजे काय? त्याच्या हातात चिचारोनची, म्हणजे चरबीत तळलेल्या मांसाची, थाळी आली, तिच्यावर किसलेल्या बटाट्याचा गरम मिल्काओ आला, चिचाचा पेला आला. सफरचंदाची ती आंबट दारू पोटात उतरली, आणि पाऊस, धूर, माणसांची बडबड हे सगळं लांबून, पाण्यापलीकडून आल्यासारखं ऐकू यायला लागलं. इतकं सुख त्याला कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. घरी जाताना त्याने ओढ्यावर तोंड तीनदा खळखळून धुतलं.

बोट, मग बस, मग पुन्हा मोठी बोट. पुएर्तो मॉन्तला चुलतभावाच्या घरी त्याने जुलाबाच्या पावडरीचं पाणी प्यायलं, आणि संडासात बसून आपण आता पोटाबरोबर पापही धुऊन काढतोय अशी स्वतःची समजूत घातली. सकाळी इस्पितळात पाठीमागून उघडा झगा. थंड खाट. हातात सुई गेली, आणि कुणीतरी म्हणालं, “आता छान झोप येईल.”

आली. तो एका अरुंद खाडीतून होडी वल्हवत होता. दोन्ही काठ ओले, गुलाबी, उबदार होते. ओहोटी होती. समोर धुक्यात एक दिवा हळूहळू पुढे सरकत होता, आणि दिव्यामागे कोण आहे ते त्याला दिसत नव्हतं, पण ओळखीचं कुणीतरी होतं. त्याला काही विचारायचं होतं. पण होडी चिखलात रुतली. सगळीकडे चिखलच चिखल. वल्हं घालावं तिथं चिखल, आणि दिवा परत फिरला.

“बाबा, उठा.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं.

“पथ्याचा कागद वाचला होता ना?”

“वाचला होता.”

“मग काय खाल्लं होतंत?”

रोसामेलने छताकडे बघितलं. “थोडं डुक्कर.”

“थोडं?” त्यांनी एक चित्र त्याच्यासमोर धरलं. नुसता राडा होता. “मला काहीच दिसलं नाही बाबा. निम्म्यातून परत यावं लागलं. तुमचं रक्त काहीतरी सांगतंय, आणि मला आत बघता आलं नाही.”

शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होता. रोसामेलने झगा मागून घट्ट धरला. सुटलेल्या पिशवीच्या दिवशी वाटली नव्हती एवढी लाज त्याला आत्ता वाटली. तेव्हा दोष पिशवीचा होता.

दुपारी त्याला मोठ्या कड्यासारख्या यंत्रात घातलं आणि पोटाचे फोटो काढले. कॅमेऱ्यासाठी नवी तारीख नंतर देऊ म्हणाले. फोटोंचा निकाल निवियाकडे पाठवू.

परतीच्या बोटीत त्याने ठरवलं होतं की खरं सांगायचं. बेट धुक्यातून वर आलं, आधी देवळाचा मनोरा, मग सफरचंदाची झाडं, मग धक्का, आणि धक्क्यावर डोक्यावर प्लास्टिक धरून उभी असलेली ओर्फेलिना. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिचे गाल पावसाने लाल झाले होते. तिला बघितलं आणि त्याचं ठरलेलं सगळं गळून गेलं.

“काय म्हणाले?”

“साफ.”

खोटं बोलणाऱ्याला एका शब्दावर थांबता येत नाही. “एकदम साफ. आरसा म्हणाली डॉक्टरीण. असं आतडं मी बघितलंच नाही म्हणाली.”

ओर्फेलिनाने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“आरसा?”

“आरसा.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि त्याची पिशवी उचलून पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माते नावाच्या पाल्याच्या चहावर गरम पाणी ओतताना ती म्हणाली, “शनिवारी आपलं डुक्कर कापू.”

“आपलं? अगं, ते अजून भरलंय कुठं? ऑगस्ट तरी येऊ दे.”

“आनंदाची गोष्ट आहे, म्हाताऱ्या. तुझं आतडं आरशासारखं निघालं. डुक्कर काय, बैल कापायला पाहिजे.”

रोसामेलने त्या चहाची नळी तोंडात धरली आणि जीभ भाजून घेतली. नाही म्हणायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.

निविया मध्येच एकदा रस्त्यात भेटली आणि म्हणाली, “काका, दवाखान्यात या.” तो गेला. खोली लहान, तिच्यात रॉकेलची शेगडी, आणि काचेवरून ओघळणारं पाणी. निवियाने दार लावून घेतलं. ती इथलीच पोर, बेलार्मिनोच्या भावाची. लहानपणी रोसामेलच्या बैलगाडीत मागे लटकायची.

“फोटोंचा निकाल आलाय. आतड्याचं माहीत नाही, ते तुम्ही डुकरानं झाकून ठेवलंत. पण यकृतावर डाग आहे.”

रोसामेलने शेगडीची वात कमी केली.

“एकच आहे, काका. लहान आहे. तेवढा भाग कापून काढता येईल असं ते म्हणतात. बरेच जण यातून बरे होतात. पण ते आत्ता करायचं. पुढच्या गुरुवारच्या बोटीनं बोलावलंय, पुढचं सगळं तिथून ठरवतील.”

“बटाटे लावून झाले की जातो.”

“बटाटे सप्टेंबरात लावतात!”

“मग ऑक्टोबरात जातो.”

“डाग काय तुमची बोट बघत धक्क्यावर बसणार आहे?” तिचा आवाज चढला, मग तिने तो आवरला. “आज कापता येतोय. वाढला, पसरला, तर येणार नाही. मग मी काय सांगू काकूंना?”

“तिला काही सांगायचं नाही.”

“मी नाही सांगणार. मला सांगता येत नाही. तुम्हीच सांगायचं.”

“निविया, पोरी, ऐक.” त्याने टोपी हातात घेतली. “मागच्या वेळी सगळ्यांनी येऊन माझं रान लावलं. ते अजून माझ्याकडून फिटलं नाही. बेलार्मिनोचं कुंपण झालं, तुझ्या बापाचं लाकूड झालं, बाकीच्यांचं राहिलंय. आता पुन्हा दारोदार जाऊ? पुन्हा मी खुर्चीत आणि ते चिखलात? त्यापेक्षा…”

“त्यापेक्षा काय?”

त्याने टोपी परत डोक्यावर घातली. निविया म्हणाली, “गुरुवारच्या बोटीवर मी तुमची जागा धरून ठेवणार. चढायचं की नाही ते तुम्ही बघा.”

परत येताना किनाऱ्यावर एक होडी उपडी पडली होती, तिच्यावर तो बसला. पाऊस थांबला होता. ऊन म्हणावं असं काही नव्हतं, पण धुकं आतून पिवळं झालं होतं, आणि पाणी इतकं शांत होतं की समोरचं बेट दोनदा दिसत होतं, एकदा सुलटं, एकदा उलटं. एक बदक आवाज न करता त्या उलट्या बेटावरून गेलं. रोसामेलला मरणाची भीती वाटत नव्हती, असं नाही. खूप वाटत होती. पण ती भीती ऑक्टोबरातली होती, आणि मागायला जायची लाज आजची होती. आजचं दुखणं माणसाला नेहमीच मोठं वाटतं. डुलकी लागेपर्यंत तो तिथंच बसला.

शनिवारी त्याने स्वतःचं डुक्कर मारलं. ते दोनदा ओरडलं. मदतीला आलेल्या बेलार्मिनोने सुरी त्याच्या हातातून घेतली आणि धुवायला नेली. ओर्फेलिना दिवसभर कढईपाशी उभी होती. तिने पहिला तुकडा त्याच्यापुढे धरला, आणि तो त्याने खाल्ला. त्याला कसलीच चव लागली नाही.

आमच्याकडे डुक्कर कापलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना ताट जातं. मांस, चिचारोन, मिल्काओ, आतड्यात रक्त भरून केलेली प्रीएता. ज्यांनी आपल्याला पाठवलं त्यांना ते परत जातं, जेवढं आलं तेवढंच, एक तुकडा इकडे नाही की तिकडे नाही. रविवारी सकाळी ओर्फेलिनाने ताटांवर फडकी घालून गाठी मारून ठेवल्या होत्या.

“ही पोचव,” ती म्हणाली. “मोकळं ताट मागत बसू नकोस.”

“एवढी?”

“आनंद मोठा आहे.”

दोन टोपल्या, कावडीच्या दोन टोकांना. वाट चिखलाची, चढाची. टोपल्या त्याला जड झाल्या. एवढ्याशा डुकराची ताटं एवढी जड कशी, असं त्याच्या मनात आलं, आणि मग वाटलं, ताटं नाही, मीच संपत चाललोय. बेल्टला नवं भोक पाडलं होतं त्याने, खिळ्याने, ती घरी नसताना.

पहिलं घर बेलार्मिनोचं. लुदोविनाने दारात ताट हातावर घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं, आणि तिचा चेहरा बदलला. तिने फडकं सोडलं नाही.

“बेलार्मिनो,” तिने आत हाक मारली. “ताट आलंय.”

बेलार्मिनो आला. त्यानेही हात लावून बघितलं. “ठेव आत,” तो बायकोला म्हणाला. मग रोसामेलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “कोम्पाद्रे, माझे बैल रिकामेच असतात रे सप्टेंबरात.”

“बरं,” रोसामेल म्हणाला. त्याला काही उमगलं नाही.

पुढच्या घरी निवियाची आई ताट छातीशी धरून उभी राहिली आणि तिने विचारलं, बियाणं निवडून ठेवलंय का. त्याच्या पुढच्या घरी म्हाताऱ्या क्लोरिंदाने त्याचा गाल कुरवाळला, जो तिने तो सात वर्षांचा असताना शेवटचा कुरवाळला होता. धुकं दाट होतं, घरं त्यातून एकेक पुढे यायची, दार उघडायचं, कुणीतरी ताट हातावर तोलायचं आणि मायेने बोलायचं. हे सगळं आपण भुलीतच बघतोय की काय, असं रोसामेलला वाटायला लागलं. कुणी दाताची चौकशीसुद्धा केली नाही.

शेवटचं ताट निकानोरचं होतं. ओर्फेलिनाने त्याचं नाव घेतलं तेव्हा रोसामेलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. निकानोर मान्सियाशी त्यांचं बोलणं बंद होतं, बांधावरच्या एका झाडावरून, आणि ते झाडही केव्हाच वादळात पडलं होतं. ताट येणं-जाणं तर सोडाच. पण ताट होतं, आणि रोसामेल त्याच्या फाटकाशी उभा होता.

निकानोर बाहेर आला. उंच, वाकलेला, तोंडात विझलेली विडी.

“काय आहे?”

“ताट. म्हातारीनं पाठवलंय.”

निकानोरने ते घेतलं, तिथंच फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि गाठ सोडली. इतक्या घरांत कुणीच सोडली नव्हती. आत मांसाचे दोन वाटे होते, शेजारी शेजारी, मध्ये मिल्काओची उभी रांग घालून वेगळे केलेले. दुप्पट ताट.

रोसामेलच्या कानांत वारं भरलं. दुप्पट ताट बेटावर कित्येक वर्षांत कुणी पाठवलं नव्हतं. नवरा समुद्रात गेलेली बाई पाठवायची पूर्वी. दुप्पट ताट म्हणजे तोंडाने न मागता मागितलेले हात, पुढच्या हंगामाचे. घरातला माणूस नसणार आहे, आमचं रान सांभाळा, असं ते ताट सांगतं. ज्याने ताट परत दिलं, त्याने नाही म्हटलं. ज्याने ठेवून घेतलं, तो आला.

“तू उघडून बघितलं नाहीस होय?” निकानोर म्हणाला. तो पहिल्यांदाच जरा हसला. “म्हणजे तूच तेवढा राहिलास बघ बेटावर. दात काढायला पुएर्तो मॉन्तला कोण जातं, गाढवा? जवळच्या कास्त्रोत दात काढत नाहीत?”

रोसामेलने कावड खाली ठेवली.

“किती ओळी घालतोस वरच्या रानात?”

“निकानोर, तू माझं काही देणं लागत नाहीस. तू कशाला…”

“किती ओळी ते विचारलं.”

रोसामेलने सांगितलं. निकानोरने मान हलवली, ताट उचललं आणि घरात गेला. दार लावताना म्हणाला, “वल्हं धरल्यासारखी फावडी धरतात ती बेलार्मिनोची माणसं. मी बघतो त्यांच्याकडे.”

घरी ओर्फेलिना उकिडवी बसून कढई घासत होती, राखेने, कोपरापर्यंत काळी. रोसामेलने रिकाम्या टोपल्या दाराशी ठेवल्या. त्याला आधी राग आला होता. वाटेत तो राग कुठंतरी चिखलात सांडला.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला पाहिजे?” ती मान वर न करता म्हणाली. “तीन दिवस मी कोंबडीचं पाणी गाळलं. आणि बुधवारी तू घरात पाऊल टाकलंस तर अख्ख्या घराला चिचारोनचा वास. वर लुदोविना सांगून गेली, कोम्पाद्रे काय जेवला, दोनदा थाळी घेतली! डुकराच्या चरबीतून बघतो का रे कॅमेरा? म्हणे आरसा.”

“अगं…”

“माझ्याशी खोटं बोललास त्याचं मी बघून घेईन, ते नंतर. आधी ती तपासणी नीट करून यायची. यावेळी मी येणार बरोबर, तुझ्या तोंडाला मुसकं बांधून नेते. काही निघालं तर निघालं. रान लागेल. आता तुला बटाट्यांचं कारण नाही.” ती घासत राहिली. “आतड्यातलं एकदा काढलंय त्यांनी. पुन्हा काढतील.”

तेव्हा रोसामेलच्या लक्षात आलं, की हिला सगळं माहीत नाही.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. गुडघे कडकडले. चूल शांतपणे जळत होती, खिडकीबाहेर बैल धुक्यात उभे होते, आणि हे सगळं असंच राहावं, आणखी थोडा वेळ, असं त्याला फार वाटलं. गप्प बसलं तर राहिलंही असतं, गुरुवारपर्यंत.

“आतड्याचं कळलंच नाही,” तो म्हणाला. “पण दुसरा फोटो काढला होता. निवियाकडे निकाल आलाय. यकृतावर डाग आहे.”

तिचा हात थांबला.

“एकच आहे. लहान आहे. कापता येईल म्हणतात, पण आत्ता. मी म्हणालो ऑक्टोबरात. मी… मला मागायला जायचं नव्हतं, म्हातारे. तेवढ्यासाठी.”

तिने राखेचा हात तसाच तोंडावर दाबला, आणि तो काढला तेव्हा गालावर बोटं उमटली होती. इतके दिवस तिने एकटीने सगळं पेललं होतं, डुक्कर, ताटं, गाठी. आता ती एकदम लहान दिसायला लागली. रोसामेलला इतका वेळ स्वतःची दया येत होती, ती कुठल्या कुठे गेली. त्याने तिच्या हातातून घासणी घेतली आणि कढई स्वतःकडे ओढली.

“गुरुवारी जाऊ,” तो म्हणाला. “दोघं जाऊ. जागा धरलीय निवियानं.”

तो राखेने कढई घासू लागला.

“मी एकाच हंगामाचा विचार केला होता,” ओर्फेलिना शेवटी म्हणाली. तिचा आवाज नीट निघत नव्हता. “एवढं मोठं असेल असं मला काय माहीत. रोसामेल, ताटं पुरतील का रे?”

“पुरतील,” तो म्हणाला. “एकसुद्धा परत आलं नाही.”